सातव्या वळणावरचे तीन दशांश

जळायचं तर माणसावर जळावं, असा जगाचा शिरस्ता आहे. शेजाऱ्याच्या बंगल्यावर जळावं, भावाच्या बढतीवर जळावं, फारच झालं तर बायकोकडे टक लावून बघणाऱ्या एखाद्या देखण्या पाहुण्यावर जळावं. लोक समजून घेतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला इंद्रजित चौगुले मात्र चार बोटं रुंदीच्या एका रबरी पट्ट्यावर जळत होता. तो पट्टा त्याच्या बायकोच्या उजव्या मनगटावर होता, आणि इंद्रजितच्या मते तिथं त्याचं काहीएक काम नव्हतं.

रस्त्यावर इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. सगळं बॅटरीवर आलं होतं. इंजिन उरलं होतं ते मातीतल्या शर्यतींत, तेही उसाच्या इथेनॉलवर चालणारं. सरकारनं तेवढी हौस राहू दिली होती. इंद्रजितचं पोट त्या हौसेवर चालायचं, कारण तो असल्या गाड्यांचा ट्यूनर होता. आणि त्याची बायको प्रणोती ही राज्यातल्या पहिल्या तीन रायडरांत गणली जायची. तिची गाडी म्हणजे अडीचशे सीसीची मोटारसायकल, वजनानं जेमतेम शहाण्णव किलो. उंच, सडपातळ आणि तापट, असं इंद्रजित गाडीचं वर्णन करायचा, तेव्हा प्रणोती विचारायची, "गाडीचं बोलतोयस का माझं?"

अशा गाडीचा जीव असतो तिच्या मॅपमध्ये. मॅप म्हणजे एक मोठा तक्ता. आडवे इंजिनाचे फेरे, उभं हँडलची मूठ किती पिळली ते, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: या घडीला इंधनाची पिचकारी सेकंदाच्या किती हजाराव्या भागापुरती उघडायची. इंधन जास्त झालं तर इंजिन जड होतं, पण थंड राहतं. कमी झालं तर तिखट पळतं आणि तापतं. फारच कमी झालं, आणि त्यात मूठ पुरती पिळलेली असली, तर पिस्टन वितळून इंजिन जागच्या जागी जाम होतं. ताशी नव्वदच्या वेगात मागचं चाक अचानक थांबलं तर वरचा माणूस कुठं जाऊन पडतो, हे सांगायला विज्ञान लागत नाही.

म्हणून उद्यमनगरातले जुने ट्यूनर वरच्या टोकाच्या चौकटींत थोडं इंधन मुद्दाम जादा ठेवायचे. त्याला ते 'हातचा' म्हणायचे, गणितातल्यासारखा. रायडरला ते सांगायचं नाही असा रिवाज होता, कारण रायडरला कळलं की तो म्हणणार, काढ, मला वेग पाहिजे. सगळे चार टक्के हातचा ठेवायचे. इंद्रजित प्रणोतीच्या गाडीत आठ ठेवायचा. बाकीच्यांच्या गाडीवर काही त्यांची बायको बसत नव्हती.

बारा वर्षांच्या संसारात दोघं फार बोलायची अशातला भाग नव्हता. बोलणं व्हायचं ते गाडीवरून. ती चक्कर मारून यायची, हेल्मेट काढायची आणि म्हणायची, "इंद्रा, मधेच दम खातंय बघ." तो लॅपटॉप उघडून तीन चौकटी बदलायचा. ती पुन्हा जायची आणि येताना लांबूनच ओरडायची, "आता बोलतंय!" एवढ्यावर त्याचं पोट भरायचं. लोक बायकोला गजरा आणतात, हा चौकटी द्यायचा.

सराव चालायचा गोकुळ शिरगावच्या पलीकडं, एका बंद पडलेल्या दगडखाणीत. बारा वळणांचा ट्रॅक. सातव्या वळणाशी डाव्या हाताला एक काळा दगड होता आणि तिथून पुढं खाणीच्या तळातून वर येणारा लांबलचक चढ. इंजिन चढाला लागताना कसं बोलतं ते ऐकायला इंद्रजित त्या दगडावर उभा राहायचा, खांद्यावर लाल फडकं टाकून. शर्यतीत रेडिओला बंदी होती, म्हणून दोघांच्या खुणा ठरलेल्या होत्या. उघडा पंजा म्हणजे चालू दे. वर धरलेली मूठ म्हणजे आहे तिथं थांब, का ते विचारू नको. मूठ त्यानं बारा वर्षांत एकदाच दाखवली होती, इंधनाची नळी फुटली होती तेव्हा.

मग पुण्याहून कौस्तुभ आगाशे आला. तरुण, नम्र, नखं स्वच्छ कापलेला इंजिनीअर. त्याच्या कंपनीनं चाचणीसाठी प्रणोतीला निवडलं होतं, आणि पट्टा त्यानंच आणला.

"हात हलतो त्याच्या किंचित आधी स्नायूंत वीज खेळते," त्यानं समजावलं. "अगदी बारीक, सेकंदाच्या विसाव्या भागाइतकी आधी. पट्टा ती वाचतो. म्हणजे मूठ पिळली जायच्या आधीच इंजिनाला कळतं की ती पिळली जाणार आहे, आणि इंधन तयार राहतं. मूळ मॅप चौगुल्यांचाच राहील. त्यावर यंत्र थोडं कमी-जास्त करेल आणि रोज शिकत जाईल. आजवर इंजिन तुमच्या हाताला उत्तर देत होतं. आता ते तुमच्या इराद्याला देईल."

"आणि इरादाच चुकला तर?" इंद्रजितनं विचारलं.

"ते यंत्राचं काम नाही," आगाशे हसून म्हणाला.

पहिल्या दिवशी प्रणोती तीन फेऱ्या मारून आली आणि गाडीवरच बसून राहिली. हेल्मेट काढलं तेव्हा ती हसत होती, एकटीच.

"काय झालं? दम खातंय?" इंद्रजितनं लॅपटॉप उघडत विचारलं.

"न्हाई रे." ती मनगटाकडं बघत होती. "काय सांगू तुला! मला पाहिजे ते मला कळायच्या आधी त्याला कळतंय."

इंद्रजितनं लॅपटॉप मिटला. असलं वाक्य बायकोनं दुसऱ्या कुणाबद्दल म्हटलं असतं, तर गल्लीत चार माणसं जमा झाली असती. इथं दाद मागायची कुणाकडं? त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

त्यात आगाशेनं सांगून ठेवलेलं, पट्टा दिवसभर घालायचा. प्रणोती गाडीवर बसताना बांगड्या काढून ठेवायची, मंगळसूत्र काढून त्याच्या खिशात ठेवायची. हा पट्टा मात्र भांडी घासतानाही मनगटावरच.

"चपात्या लाटताना कशाला पाहिजे ते?" एका संध्याकाळी तो म्हणाला.

"मनगटाची ओळख वाढते म्हणे."

"बारा वर्षं झाली. ओळख वाढवायला मला कुणी चपात्या लाटायला बसवलं न्हाई."

"बस की," ती लाटणं पुढं करत म्हणाली. "कणीक मळून ठेवलीया."

एरवी तो हसला असता. त्या दिवशी ताटावरून उठला आणि अंगणात जाऊन चांगल्या धुतलेल्या गाडीचं एअर फिल्टर पुन्हा धुवत बसला.

सरावाला आता ती चक्कर मारून आली की सरळ आगाशेच्या पडद्यापाशी जायची. दोघं आकड्यांवर वाकून बोलायची, आणि इंद्रजित पडद्याकडं पाठ करून चहा प्यायचा. तिथं काय लिहिलंय ते बघायचंसुद्धा नाही, असा त्यानं पण केला होता. चौथ्याच दिवशी त्यानं काळ्या दगडावर जाणंही सोडलं. कशाला जायचं? ऐकायला पट्टा होता. प्रणोतीनं त्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्याकडं एक फणकाऱ्याचं उत्तर तयार होतं. पाच आठवडे ते तोंडातच राहिलं. तिला फरकच पडत नाही, हे त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी आगाशे मिसळ खायला गेला होता आणि प्रणोती बूट आणायला. गॅरेजमध्ये गाडी आणि इंद्रजित दोघंच. त्यानं आपला पासवर्ड टाकून मूळ मॅप उघडला. वरच्या टोकाच्या चौकटी समोर आल्या, त्यानं एकेक करून बारा वर्षं जपलेल्या. एवढं शहाणं आहे ना ते यंत्र, मग त्यानंच राखावं तिला, असं म्हणून त्यानं आठच्या आठ टक्के हातचा काढून टाकला.

त्याला तिचं वाईट करायचं नव्हतं, हे खरं आहे. आणि जळणारा माणूस स्वतःला नेहमी हेच सांगतो, हेही खरंच आहे. त्याचा हिशेब साधा होता. हातचा नसला म्हणून इंजिन काही मरत नाही. शेवटच्या फेऱ्यांत चढावर तापेल, मरगळेल, ती तिसरी-चौथी येईल, हेल्मेट काढेल आणि म्हणेल, "इंद्रा, बघ की काय झालंय." हे एक वाक्य त्याला पाहिजे होतं. त्यानं फाइल बंद केली आणि हात धुतले.

रविवारी सकाळी दहाला त्याच खाणीत शर्यत सुटली. दहा फेऱ्यांची. दुसऱ्या फेरीला प्रणोती पुढं होती. इंद्रजित तंबूत बसला होता. शेजारी आगाशे गेल्या दीड महिन्याचे आकडे चाळत होता.

"चौगुले, एक विचारायचं राहूनच गेलं," तो म्हणाला. "सातव्या वळणाला जमिनीत काही दोष आहे का? खड्डा, पाणी वगैरे?"

"न्हाई. का?"

"दर फेरीला तिथे वहिनींचा हात सैल पडतो. कारण काहीच नाही. वळण सोपं आहे, पुढे चढ आहे, उलट मूठ पिळायला हवी. पहिल्या तीन दिवसांत ते दशांश सेकंद होतं, म्हणून मी सोडून दिलं. पण चौथ्या दिवसापासून एकदम तीन दशांश झालं, आणि तेवढंच राहिलंय. वजनही डाव्या बाजूला जातं. म्हणजे डावीकडे काहीतरी शोधत असाव्यात."

इंद्रजितनं चहाचा कप खाली ठेवला. डावीकडं तिथं एकच गोष्ट होती. काळा दगड. आणि चौथ्या दिवसापासून त्या दगडावर कुणी नव्हतं.

"यंत्राला ती चूक वाटली," आगाशे सांगत होता. "त्यामुळे आता तिथे हात सैल पडला तरी ते इंजिनाला पडू देत नाही. तीन दशांश वाचले. आवाजावरून तुम्हालासुद्धा कळणार नाही."

आनंदानं माणसाला रडू येतं असं इंद्रजितनं ऐकलं होतं, त्याचा विश्वास नव्हता. ती शोधत होती. प्रत्येक फेरीला, पाच आठवडे, रिकाम्या दगडावर. आणि आपण इथं पाठ करून चहा ढोसत होतो! त्याला उठून ओरडावंसं वाटलं.

"दुसरी गंमत सांगू?" आगाशे रंगात आला होता. "तुमच्या मॅपमध्ये वरच्या टोकाला बरंच जादा इंधन होतं. आठेक टक्के. गेल्या आठवड्यात यंत्राने ते हेरलं आणि त्यातलं सात टक्के काढून घेतलं. म्हणून तर आज चढावर इतकी धावतेय."

इंद्रजित उभा राहिला. "सात?"

"हो. मूळ मॅप पक्का असतो ना, त्यावर यंत्र डोळे मिटून विश्वास ठेवतं."

आठातले सात यंत्रानं काढले होते. आठच्या आठ यानं काढले होते. म्हणजे इंजिनाला जेवढं लागतं त्याहूनही सात टक्के कमी इंधनावर, मूठ पुरती पिळून, प्रणोती तो चढ चढत होती. एकदा नाही, दोनदा चढून झाली होती. खाणीतून येणारा आवाज त्यानं सकाळपासून पहिल्यांदा कान देऊन ऐकला. पातळ होता, तिखट होता, आणि त्याच्या वर काचेवर खिळा ओढावा तशी एक बारीक कुरकुर होती.

"पंचांकडं पळा. काळा झेंडा दाखवून थांबवायला सांगा तिला!" तो ओरडला. "मी हातचा काढलाय!"

आगाशेला हातचा म्हणजे काय ते कळलं नाही, पण इंद्रजितचा चेहरा बघून तो पंचांच्या टेबलाकडं धावत सुटला. इंद्रजित उलट्या दिशेनं, खाणीच्या उतारावरून, चिऱ्यांवरून घसरत खाली. ढोपर फुटलं ते त्याला संध्याकाळी कळलं. तिसऱ्या फेरीचा चढ तिनं तो अर्ध्या वाटेत असतानाच पार केला; तेवढा वेळ तो जागच्या जागी उभा राहून नुसता ऐकत होता, आणि आवाज तुटला नाही तेव्हा पुन्हा पळाला.

दगडावर चढला तेव्हा त्याची छाती भात्यासारखी हलत होती. मनात एकच भीती. पाच आठवडे इथं कुणी नव्हतं. माणूस किती दिवस रिकाम्या दगडाकडं बघेल? आजच तिनं नाद सोडला असला तर? यंत्र तर ते बघणं पुसूनच टाकत होतं. इंजिनाच्या आवाजात त्याचा मागमूस उरणार नव्हता.

सहाव्या वळणावरून ती आली. मागं धुळीचा लोट, त्यात आणखी दोघं. आवाज जराही पडला नाही. पण तिची मान डावीकडं वळली. त्यानं मूठ वर करायच्या आधी वळली, हे त्यानं स्वतः पाहिलं.

त्यानं मूठ वर धरली.

प्रणोतीनं का ते विचारलं नाही. हँडलची मूठ सैल सोडली, क्लच दाबला आणि चढाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली. मागचे दोघं धूळ उडवत पुढं निघून गेले, मग आणखी चार. पहिला नंबर गेला.

"काय झालं?" हेल्मेट काढत तिनं विचारलं.

इंद्रजित इंजिनापाशी वाकला. खिशात कायम असायचा तो पाना काढून त्यानं स्पार्क प्लग उघडला, फडक्यात धरला आणि तिच्यापुढं केला. प्लगचं टोक चुन्यासारखं पांढरं पडलं होतं आणि त्यावर राखाडी, चमकते कण चिकटले होते. पिस्टनचे. वितळायला सुरुवात झालेल्या पिस्टनचे. एवढ्यात धापा टाकत आगाशेही येऊन पोचला; पंचांनी कारण विचारत झेंडा हातातच ठेवला होता.

प्रणोतीनं प्लग उन्हात फिरवून पाहिला.

"हातचा कुठाय?" तिनं विचारलं.

इंद्रजित चमकला. "तुला ठाऊक हुतं?"

"बारा वर्षं बसतो त्या गाडीवर. आठ टक्के जादा धूर नाकाला कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "कुठाय, विचारलं मी."

"काल दुपारी काढला. मी."

"आणि काही यंत्रानेही काढलं होतं," आगाशे चाचरत म्हणाला. "चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं."

"तुम्ही थांबा जरा." ती नवऱ्याकडंच बघत होती. "का काढलास?"

खोटं बोलायला जागा होती. ऊस खराब होता, इथेनॉलमध्ये पाणी होतं, काहीही. पण चार पावलांवर चढ होता, आणि ती तिथं पडलेली त्याला डोळ्यांसमोर दिसत होती.

"जळत हुतो," इंद्रजित म्हणाला. "त्या पट्ट्यावर. तुला मी लागत न्हाई असं वाटलं."

"म्हणून मला मारायला निघालास."

"न्हाई ग! तू हरून माझ्याकडं येशील म्हणून."

"ते एकच झालं," ती म्हणाली. "पाच आठवडे दगडावर न्हवतास. मला वाटलं, मला आता पट्टा मिळाला म्हटल्यावर तू सुटलास. कटकट गेली तुझी."

"तू विचारलं न्हाईस."

"विचारायचं काय त्यात? बारा वर्षं सांगावं लागलं न्हवतं."

आगाशे खाणीच्या भिंतीचे थर मोजत असल्यासारखा तिकडं तोंड करून उभा होता. वर चढावर उरलेले सहा जण सहावी फेरी पुरी करत होते. प्रणोतीनं प्लग फडक्यात बांधला आणि स्वतःच्या खिशात घातला, इंद्रजितला परत दिला नाही.

"पासवर्ड सांग यांना," ती म्हणाली. "हातचा आठ टक्के परत घालायचा, आणि यंत्रानं त्याला हात लावायचा न्हाई. तू पण न्हाई. या वर्षी माझ्या इंजिनाला तुझा हात लागता कामा नये."

इंद्रजितनं मान खाली घातली. एका वाक्यात तिनं त्याचं सगळं काढून घेतलं होतं, आणि तिच्यावर रागावायलाही त्याच्याकडं तोंड नव्हतं. "मग मी करू काय?"

"उभं राहायचं," प्रणोतीनं दगडाकडं बोट केलं. "तिथं. प्रत्येक सरावाला, प्रत्येक शर्यतीला. न्हाई दिसलास तर मी गाडी थांबवून घरी जाणार."

गाडी ढकलत ती चढाला लागली. इंद्रजितनं मागून हात लावायला पुढं केला, मग आठवलं आणि मागं घेतला. तिनं मागं वळून पाहिलं. "ढकलायला चालतंय," ती म्हणाली. मग दोघांनी मिळून गाडी वर नेली.

पुढची शर्यत एप्रिलमध्ये झाली, त्याच खाणीत. शर्यतीआधी प्रणोतीनं आगाशेला आणखी एक काम सांगितलं होतं. सातव्या वळणावर यंत्रानं इंजिनाला उचलून धरायचं नाही, हात सैल पडला तर पडू द्यायचा.

"वहिनी, एका फेरीला एक दशांश तरी जाईल," आगाशेनं बोटांवर मोजून सांगितलं होतं. "दहा फेऱ्यांचा एक सेकंद. इतक्यात शर्यत जाते."

"जाऊ दे की," ती म्हणाली होती. "तो माझा हाय."

इंद्रजित दगडावर उभा होता, खांद्यावर लाल फडकं टाकून. पट्ट्यावर तो अजूनही जळत होता. तिनं हेल्मेट काढल्यावर पहिला शब्द आगाशेशी बोलला की तो अजूनही पाठ फिरवून चहाकडं वळायचा. असल्या गोष्टी एका शर्यतीत जात नाहीत. गाडीचा मॅप आता दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये होता, आणि त्याच्या हातांना दिवसभर काय करावं ते सुचत नसे.

सहाव्या वळणावरून ती आली. भरदार, गोल आवाज. आठच्या आठ टक्के हातचा त्याला ऐकू येत होता. दगडापाशी येताच तो आवाज किंचित पडला. क्षणभर, एखादी पायरी हुकावी तसा. बारा वर्षांत इंजिनाची असली एकही चूक त्यानं खपवून घेतली नव्हती. ऐकली की हात आपोआप लॅपटॉपकडं जायचे. आज त्यानं ती ऐकली आणि उघडा पंजा वर धरला.

शर्यत तिनं अर्ध्या सेकंदानं घालवली. घरी येताना दोघं गाडीवरून भांडत आली, पार उद्यमनगर येईपर्यंत.